नवसाला जाता येतं, मग पाहायला का नाही?



वर्षाच्या कामाचा आराखडा ठरवताना आमच्या बैठकीत एका मुद्द्यावरून चांगलंच वाजलं. मुद्दा होता लोणारच्या सहलीचा. एका कार्यकर्तीने सुचवलं, की गावोगावच्या गटांतल्या बायकांना घेऊन एक दिवस लोणारला जाऊ, सोबत विज्ञान शिकवणारी एखादी शिक्षिका घेऊ आणि ते विवर नेमकं काय आहे ते समजून घेऊ. त्यावर दुसरी उसळून म्हणाली, "पोटगीच्या केसेस तारखांवर तारखा खातायत, सासरी छळ झालेली मुलगी आत्ता आपल्या ऑफिसात बसली आहे, आणि आपण सहली काढायच्या?" तिसरीचं म्हणणं, सहली शाळा काढतात, भिशीमंडळं काढतात, ते संघटनेचं काम नव्हे.

सहल झाली. पण तो वाद तिथे मिटला नाही, आणि मिटवून टाकण्यासारखा तो नव्हताही. कारण आक्षेप घेणारी मैत्रीण खोटं बोलत नव्हती. आपली माणसं थोडी, पैसा त्याहून थोडा, आणि अन्याय मात्र रोज दारात उभा. अशा वेळी निसर्ग, विज्ञान, संग्रहालयं, भटकंती या गोष्टी आपल्या कामात कुठे बसतात? बसतात का? या अंकाच्या निमित्ताने त्यावर तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

आधी सहलीच्या आदल्या आठवड्याबद्दल सांगते. नावं चाळीस आली होती. प्रत्यक्ष सकाळी एसटी स्टँडवर उभ्या होत्या सव्वीस. उरलेल्या चौदा जणींची कारणं आपण सगळ्याजणी झोपेतही सांगू शकू. पाहुणे आले. कापूस वेचायचा राहिला. सासूने होकार दिला, नवऱ्याने नाही. नवऱ्याने दिला, पण मग "चारचौघं काय म्हणतील" आडवं आलं. आणि ज्या आल्या त्यांतली एक साठीची बाई गाडीत बसल्यावर हळूच म्हणाली, "म्या घरी सांगतलं, कमळजामायची ओटी भराले जातो. विवर पाह्याले जातो म्हनलं असतं त कोनं जाऊ देलं असतं?" गाडीतल्या सगळ्या हसल्या. मग लक्षात आलं, निम्म्याजणींनी घरी तेच सांगितलं होतं. पिशव्यांमध्ये खरोखरच खण-नारळ होते.

लोणारच्या तळ्याकाठी, अगदी खाली, कमळजादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथे यात्रा भरते. काठावरून खाली उतरायची वाट दगडधोंड्यांची, दोन्ही बाजूंनी झाडी. आपल्या आया, आज्या, पणज्या ती वाट उपाशीपोटी, अनवाणी, कडेवर लेकरू घेऊन उतरत आल्या आहेत. म्हणजे बाईला विवरात उतरणं झेपत नाही, अंतर फार आहे, जंगलाची भीती आहे, हे काहीच खरं नाही. तिच्या उतरण्याला कुणाची हरकतही नाही. हरकत आहे ती कारणाला. नवऱ्याच्या आयुष्यासाठी जा, लेकराच्या दुखण्यासाठी जा, मुलगा व्हावा म्हणून तर अवश्य जा. "मला ते काय आहे ते बघायचंय" म्हणून जायला मात्र घरच्या वहीत रकानाच नाही.

बाईच्या उंबरठ्याबाहेर पडण्याचा हिशेब आपण कधी मांडून पाहिला आहे का? शेत, विहीर, रेशन, दवाखाना, माहेरचं लग्न, कुणाचं मयत, आणि देव. यांतलं प्रत्येक जाणं कुणा दुसऱ्यासाठी. स्वतःच्या कुतूहलासाठी घालवलेला एक दिवस बहुतेकींच्या आयुष्यात सापडत नाही. सापडलाच तर तो शाळेतला, सातवी-आठवीच्या सहलीचा. आणि तोही पुष्कळजणींना मिळालेला नाही, कारण भावाच्या सहलीचे पैसे भरले गेले आणि तिला सांगण्यात आलं, "तू काय करशील तिथं जाऊन?"

काय करशील तिथं जाऊन, या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच आधी लोणारबद्दल थोडं.

आपल्या पायाखालचा काळा खडक बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर बसून तो तयार झाला. त्या खडकावर आकाशातून एक अशनी येऊन आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, दीडशे मीटरच्या आसपास खोल असा गोल खळगा पडला. लोणार गावाच्या लोकांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत होताच. लवणासुराची कथा त्याचीच, आणि त्याला मारणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावात आजही उभं आहे. आइन-ए-अकबरीत इथल्या क्षारांपासून साबण आणि काच होत असल्याची नोंद आहे. इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ साली हे ठिकाण पाहून लिहिलं, म्हणून पुस्तकांत "शोध" त्याच्या नावावर आहे. त्याच्या आधी ओट्या भरून गेलेल्या हजारो बायकांनी काहीच शोधलं नव्हतं असं आपण धरून चालतो.

पुढे बराच काळ हे ज्वालामुखीचं तोंड आहे असं मानलं जाई. १९७० च्या दशकात तळाशी खोल विंधनं घेऊन खडकांचे नमुने काढले गेले. प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाही असं काचेसारखं खनिज त्यांत मिळालं, आणि अशनीचा पुरावा पक्का झाला. बेसाल्टमध्ये पडलेली अशी विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी. चंद्रावरचे मोठे काळे डागही बेसाल्टचेच, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. विवराचं वय आधी सुमारे बावन्न हजार वर्षं सांगितलं जात होतं. २०१० साली वेगळ्या पद्धतीने मोजलं तेव्हा ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं निघालं. आमच्यातल्या एकीने विचारलं, "मंग आधीचे खोटे होते का?" शिक्षिका म्हणाली, "खोटे नव्हते. त्यांच्याजवळ जे साधन होतं त्याने त्यांनी मोजलं. चांगलं साधन आलं, पुन्हा मोजलं, आणि आधीचं सोडून दिलं." यावर बायका क्षणभर गप्प झाल्या. लिहिलेलं बदलता येतं, आणि बदललं तर कुणाची इज्जत जात नाही, ही गोष्ट आपल्यातल्या कितीजणींना कधी कुणी सांगितली होती?

खाली तळ्याकाठी पोचल्यावर शिक्षिकेने पिशवीतून पिवळ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. साधा कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला. प्रत्येकीच्या हातात एकेक पट्टी दिली. आधी वरच्या धारेवर आम्ही बाटलीत गोडं पाणी भरून घेतलं होतं. त्यात पट्टीचं एक टोक बुडवलं. काही झालं नाही, पट्टी पिवळीच. मग दुसरं टोक तळ्याच्या पाण्याला लावलं. बघता बघता ते विटकरी तांबडं झालं. सव्वीस बायका एकदम ओरडल्या, "कुंकू! हे त कुंकू झालं!"

झालं ते तसंच होतं. तळ्याचं पाणी क्षारांचं आहे, आपल्या पापडखाराच्या जातीचं. त्याचा सामू साडेनऊ-दहाच्या घरात नोंदला गेला आहे. अशा पाण्यात हळदीचा पिवळा रंग तांबडा होतो. जुन्या पद्धतीचं कुंकू याच गुणावर बनतं: हळद, आणि तिच्यात चुना किंवा टाकणखार. हळद आणि कुंकू या दोन वस्तू नाहीत. एकीला क्षार लागला की ती दुसरी होते.

आमच्यात एक मैत्रीण होती, नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. संक्रांतीला गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला निघाल्या की ती दार ओढून घेते. ती बराच वेळ ती पट्टी हातात धरून बसली होती. एक टोक पिवळं, एक तांबडं. मग म्हणाली, "हळद मी रोज भाजीत टाकतो. चुना माह्या सासऱ्याच्या डबीत असते. मंग दोन्ही एक झालं की मीच अपशकुनी काऊन होतो?"

यावर शिक्षिकेजवळ उत्तर नव्हतं. आमच्याजवळही नव्हतं. पण गेली कित्येक वर्षं विधवांच्या प्रश्नावर आम्ही भाषणं देतो, पथनाट्यं करतो, हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलवा म्हणून पत्रकं काढतो. त्या मैत्रिणीने स्वतःहून हा प्रश्न विचारला तो त्या दिवशी, त्या पट्टीमुळे. आमच्या तोंडून ऐकलेलं तिच्यासाठी आणखी एक मत होतं. हातात धरून पाहिलेलं तिचं स्वतःचं होतं. मला वाटतं, "सहली कशाला?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे.

आता दुसरीकडून पाहू. अशी व्याख्यानं, अशा सहली होतच नाहीत का? होतात. मुंबईत नेहरू विज्ञान केंद्र आहे. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. ती पक्षी, फुलपाखरं, झाडं दाखवायला लोकांना घेऊन जाते. नागपुरात १८६३ सालापासूनचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, ज्याला विदर्भातली माणसं प्रेमाने अजब बंगला म्हणतात. तिथेच १९९२ साली रामन विज्ञान केंद्र सुरू झालं. लोणारवर शहरांतून उत्तम व्याख्यानं होतात, पडद्यावर चित्रं दाखवून. म्हणजे विवर आपल्या जिल्ह्यात आणि विवराबद्दलचं बोलणं शंभर-पाचशे किलोमीटर दूर. आणि तालुक्याच्या वाचनालयात कधी एखादं व्याख्यान ठेवलंच, तर वेळ असते संध्याकाळी सहाची. चुली पेटायची वेळ. निसर्गसहल असते रविवारी पहाटे, जेव्हा घरात सगळे असतात आणि धुण्याचा ढीग असतो. फलकावर लिहिलेलं असतं "प्रवेश सर्वांसाठी खुला". कुणी अडवत नाही हे खरंच आहे. न अडवताही बाई येत नाही, आणि मग आयोजक म्हणतात, "बायकांना या विषयात रसच नसतो."

हे आजचं नाही, आणि फक्त आपल्याकडचंही नाही. जगभरच्या प्रवासांचा, शोधमोहिमांचा हिशेब ठेवणारी लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी घ्या. १८९२-९३ मध्ये तिने बावीस बायकांना सभासद करून घेतलं. त्यांच्यात एकट्याने जगभर फिरलेली इझाबेला बर्डही होती. लगेच पुरुष सभासदांनी गदारोळ केला आणि दार पुन्हा लावून घेतलं गेलं. ते उघडलं १९१३ साली. डोंगर चढायला बाई चालत होती. चढल्यावर सभेत खुर्ची द्यायला चालत नव्हती.

आपल्या कमला सोहोनी यांचं उदाहरण तर घरातलंच. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून एक वर्षासाठी घेतलं. त्यांचं काम पाहून पुढे रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो तो रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून. तो मोठाच शोध. पण त्या दिवशी शाळेत भाषण करणाऱ्या मुलीला ही दुसरी गोष्टही माहीत असावी. थोरामोठ्यांचंही चुकतं, आणि समोर ठाम उभं राहिलं तर त्यांनाही पुन्हा मोजावं लागतं, हे तिला त्यातून कळेल.

आणि बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे? १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या, सत्यशोधक घरातल्या ताराबाई. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा खटला वर्तमानपत्रांत गाजला आणि सगळ्या बायकांवर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली. त्या काळच्या घरंदाज बाईच्या कोंडीत राहून त्यांनी पाहिलं, तोललं आणि पुरुषांना पुराव्याने उलट विचारलं. तुलना करायची तर दोन्ही बाजू पाहायला लागतात. पाहणं आणि तोलणं ही आपल्या जिल्ह्याची जुनी रीत आहे, मैत्रिणींनो. तिचा वारसा आपण फक्त जयंतीच्या भाषणापुरता ठेवायचा का?

हे सगळं हौसेपुरतं आहे असं अजूनही कुणाला वाटत असेल, तर तिने शेगाव तालुक्यातली ती गावं आठवावीत. २०२४ चा डिसेंबर आणि २०२५ चा जानेवारी. माणसांचे केस मुठीमुठीने गळू लागले. काही दिवसांत टक्कल. त्यात बायका होत्या, शाळा-कॉलेजच्या मुली होत्या. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर. गावांत कॅमेरे आले, डोक्यांचे फोटो निघाले, तपासणीची पथकं येऊन नमुने घेऊन गेली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून असं मांडलं, की रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण फार जास्त होतं आणि रुग्णांच्या शरीरात जस्त कमी आढळलं. या सगळ्या काळात त्या गावांतल्या बायकांना कशाची गरज होती? कुणीतरी पारावर बसून, त्यांच्या भाषेत, सेलेनियम म्हणजे काय, ते अन्नात कसं येतं, काय माहीत आहे आणि काय अजून माहीत नाही, हे सांगायची. ज्या घरात तो गहू निवडला, दळला, भाजला जात होता त्या घरातल्या बाईला सगळ्यात शेवटी कळलं. तेही ऐकीव. मधल्या काळात मुलींना मात्र ऐकावं लागलं, आता हिच्याशी लग्न कोण करणार.

दुसरं उदाहरण त्याहून जुनं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि आपल्या जिल्ह्याचा उत्तर भाग. विहीर खणली तरी पाणी खारं, आणि गावागावांतून मूत्रपिंडाच्या दुखण्याची तक्रार. गोड्या पाण्यासाठी डोक्यावरून हंडे कुणी वाहिले ते वेगळं सांगायला नको. लोणारच्या काठावर संग्रामपूरकडच्या एका बाईने लगेच विचारलं, "ही पट्टी आमच्या विहिरीत टाकली त कळंल का?" शिक्षिकेने प्रामाणिकपणे सांगितलं, नाही कळणार. हळदीला फक्त तीव्र क्षारपणा कळतो. पाण्यातलं मीठ, नायट्रेट, फ्लोराइड तिला कळत नाही. त्याला वेगळी तपासणी लागते. आणि मग तिने एक गोष्ट सांगितली, जी आमच्यातल्या बहुतेकींना माहीतच नव्हती. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणी संच वापरून पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद केलेली आहे. परतीच्या गाडीत पूर्ण दोन तास चर्चा झाली ती यावर. आपल्या गावातल्या त्या पाचजणी कोण? त्यांना स्वतःला तरी माहीत आहे का, की त्यांचं नाव यादीत आहे? संच कुठे आहे, कपाटात? किल्ली कुणाकडे?

बघा, सहल कुठून निघाली आणि कुठे पोचली. आकाशातून पडलेल्या दगडापासून ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत. पोटगीच्या तारखा महत्त्वाच्या आहेतच. पण "हे असं का?" असं विचारायची सवय ज्या बाईला लागते, तीच पुढे वकिलालाही विचारते, "तारीख का पडली?"

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. आम्ही कमळजेच्या देवळासमोर उभं राहून कुणाच्या श्रद्धेची टिंगल केली नाही, आणि करूही नये असं माझं मत आहे. ज्यांनी ओटी आणली होती त्यांनी भरली. ज्यांना भरायची नव्हती त्या बाहेर झाडाखाली बसल्या. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी एकाएकी गुलाबी झालं होतं, आणि त्याच्याबद्दल तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी पसरल्या होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला. नमुने स्थिर ठेवल्यावर जीव तळाशी बसले आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. हे ऐकून एक आजी म्हणाल्या, "म्हंजे कोप नाही." आणि दोन क्षणांनी, "बरं झालं. माय काऊन कोपंल?" त्यांचा देव त्यांच्याजवळ राहिला आणि भीती गेली. एवढं झालं तरी पुष्कळ. भीती दाखवून बाईला घरात ठेवणारे वेगळे असतात. ग्रहणात गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत बसवणारे, भाजी चिरू न देणारे. त्यांच्याशी आपलं भांडण आहे, आजीशी नाही.

आता आमच्या चुकाही सांगते, म्हणजे तुम्हाला उपयोग होईल. पहिली चूक, सोबत शौचालयाचा विचार केला नाही. सकाळी निघालेल्या बायका दुपारपर्यंत पाणी प्यायल्या नाहीत, आणि उन्हात चढताना एकीला भोवळ आली. दुसरी, गुडघे धरलेल्या चौघी खाली उतरू शकल्या नाहीत आणि वर काठावर नुसत्या बसून राहिल्या. त्यांच्यासाठी वरच बोलायची सोय करायला हवी होती. काठावरून तर सगळं विवर एका नजरेत दिसतं. तिसरी, जमायची जागा म्हणून आम्ही सगळीकडे "देवळापाशी" असं सांगत गेलो. मुसलमान वस्तीतल्या आमच्या मैत्रिणी आल्या नाहीत. का आल्या नाहीत हे नंतर विचारायला गेलो तेव्हा लाज वाटली. चौथी आणि मोठी, मजुरीवर जाणाऱ्या बायकांचा त्या दिवसाचा रोज बुडाला. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, ती कामी आली, पण रोज कोण भरणार? ज्या येऊ शकल्या त्या बहुतेक थोडंफार बरं असलेल्या घरच्या होत्या. हा प्रश्न आम्ही सोडवलेला नाही. तुमच्याकडे काही सुचत असेल तर लिहा.

तरीही काही गोष्टी लगेच करता येतील. व्याख्यान दुपारी दोन ते चार ठेवा, आणि वाचनालयाऐवजी बायका जिथे बसतात तिथे ठेवा: अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत, बौद्ध विहारात, शाळेच्या ओसरीवर. बोलणारी बाई मिळत असेल तर आधी तिलाच विचारा. जिल्ह्यात विज्ञान शिकवणाऱ्या किती शिक्षिका आहेत, त्यांना व्यासपीठावर कुणी बोलवत नाही. लेकरांना सोबत येऊ द्या. बोलणाऱ्याला आधीच सांगा, की अर्धा वेळ प्रश्नांचा. सुरुवात घरातल्या वस्तूपासून करा: हळद, पापडखार, तुरटी, दह्याचं विरजण, कुकरची शिट्टी. आपण ज्याला स्वयंपाक म्हणतो त्यात रसायनशास्त्र आहे, फक्त त्याला तसं कुणी म्हटलं नाही.

आणि संस्थांकडे मागण्या करायला शिका. विज्ञान केंद्रांची फिरती प्रदर्शनं शाळांत येतात. ती ज्या दिवशी येतील त्या दिवशी दुपारचे दोन तास गावातल्या बायकांसाठी राखून ठेवा, असं पत्र मुख्याध्यापकांना द्या. लोणार २००० सालापासून अभयारण्य आहे, २०२० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं रामसर पाणथळ स्थळ आहे. तिथे येणाऱ्यांना विवर समजावून सांगायला त्याच गावच्या मुलींना शिकवा, अशी मागणी वनविभागाकडे करता येईल. ताडोब्यात बाया गाइडचं काम करतात, मग लोणारला का नको? आणि पायवाटेच्या सुरुवातीला स्वच्छ, पाणी असलेलं शौचालय. ही विज्ञानाचीच मागणी आहे. ते नसेल तर निम्म्या लोकसंख्येने विज्ञान पाहायचं कसं?

पाहण्यासारखं आपल्या जिल्ह्यात कमी नाही. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून एक तरुण वाघ निघाला आणि तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचा माग लागला. पेपरांनी त्याचं केवढं कौतुक केलं! कुणी विचारलं नाही, की कुणाला सांगून निघाला, रात्री कुठे राहिला, घरी भाकरी कोण थापतंय. आमच्या मैत्रिणी साठ-सत्तर किलोमीटर गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या, तरी चौघींच्या घरी त्या रात्री धुसफूस झाली.

पण एक बातमी सांगून थांबते. पट्टीवाली मैत्रीण पुढच्या बैठकीला आली तेव्हा सोबत तिची नात होती, सहावीतली. नातीने घरी हळदीच्या पट्ट्या केल्या होत्या आणि घरातलं एकेक पाणी तपासलं होतं. साबणाचं, राखेचं, चुन्याचं, लिंबाचं. वहीत दोन रकाने आखले होते, पिवळं आणि तांबडं. त्या वहीवर आजीने सगळ्यांच्या देखत पहिल्या पानावर बोटाने थोडी हळद लावली, आणि मग कुणी काही म्हणायच्या आत, थोडं कुंकूही.

बैठकीत पहिल्यांदा आक्षेप घेणारी आमची कार्यकर्ती त्या दिवशी काही बोलली नाही. निघताना फक्त एवढंच विचारलं, "पुढची सहल कधी?" आणि लगेच, "तारखेच्या दिवशी ठेवू नका, मला कोर्टात जायचंय."

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंची. २८ फेब्रुवारी विज्ञान दिन, ८ मार्च आपला. या दोन महिन्यांत आपल्या प्रत्येक गटाने एक व्याख्यान किंवा एक दिवसाची सहल घ्यावी, अशी या अंकातून विनंती आहे. कुठे गेलात, कोण कोण आल्या, कोण येऊ शकल्या नाहीत आणि का, आणि काय काय प्रश्न विचारले गेले, ते आम्हाला लिहून पाठवा. उत्तरं नाही मिळाली तरी चालेल, प्रश्न मात्र जरूर पाठवा. पुढच्या अंकाची पानं त्यांच्यासाठी ठेवली आहेत.

आणि घरी विचारलं, कुठे चाललीस, तर या वेळी खरं सांगून बघा. पाहायला चालले.